डावा डोळा

५ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची सोलापुरात! सकाळी वैरागच्या स्टँडवर अब्बा सोडायला आले होते. एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभं राहून तेच तेच सांगत होते की फोन कर, वेळेवर जेव, कुणाला उलट बोलू नकोस. अम्मीने दिलेली गोश्तची भाजी डब्यातून गळून माझ्या ओढणीला लागली, पण आज कशाचाच राग येत नाहीये.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत रिक्षा शिरली तसा दोन्ही बाजूंनी मागांचा खटखट आवाज सुरू झाला. रिक्षावाला म्हणाला की चार दिवसांनी तो ऐकूच येणार नाही. कारखाना रस्त्याला लागून आहे, टॉवेल-चादरींचे चाळीस माग. मागे मोठं अंगण, कडुनिंब आणि दुमजली घर. मालकीणबाई भुवनेश्वरी अम्मा. साठीच्या, गोऱ्या, कपाळावर विभूती. मराठी छान बोलतात, चिडल्या की तेलुगूत जातात म्हणे. सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि तेव्हापासून एकेक मांजर घरात येत गेलं. आता अकरा आहेत. डिसेंबरमध्ये एका पिलाचे डोळे चिकटले, कुणाला वेळेत कळलं नाही आणि ते पिलू आंधळं होऊन मेलं. अम्मांनी तेव्हाच ठरवलं की शिकलेलं माणूस घरात ठेवायचं. ते शिकलेलं माणूस म्हणजे मी, इफ्रा, वय चोवीस, पशुधन पदविका, बार्शीच्या डॉक्टरांकडे दोन वर्षं म्हशींच्या शेपट्यांचे फटके खाल्लेली. म्हशीपुढे मांजर म्हणजे किती लहान रुग्ण!

मला खाली, मांजरांच्या खोलीशेजारची खोली दिली आहे. स्वतंत्र बाथरूम आहे. स्वयंपाकाला चिमाबाई आहेत. अम्मांचा मुलगा अंबादास कारखाना बघतो, तो आणि सुनबाई वरच्या मजल्यावर राहतात. तो माझ्याशी दोन वाक्यं बोलला आणि दोन्ही फोनवर बोलता बोलता.

फाटकावर मायाप्पा. पन्नाशीचा, अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचा, खाकी शर्ट आणि मोठा काळा चष्मा. मांजरांना तो कानडीत “बा, बा”, म्हणजे ये, ये, अशी हाक मारतो आणि अकराच्या अकरा शेपट्या वर करून धावत येतात. मला डाक्टरीणबाई म्हणाला. मी डॉक्टर नाही असं सांगितलं तर म्हणाला, “मांजराला हात लावला की डाक्टरच की वो. आमाला काय कळतंय.”

७ फेब्रुवारी, बुधवार

आज सगळ्यांचे डोळे तपासले. बार्शीच्या डॉक्टरांनी सवय लावली आहे की जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहायचं, म्हणून लिहिते.

रेशमी, बोबिन, गोंडा, कांडी ठीक. बाहुल्या दोन्ही बाजूंनी सारख्या, टॉर्च मारला की लगेच बारीक होतात. काजूच्या डोळ्याच्या कोपऱ्यात तपकिरी घाण होती, ती नुसती धूळ. म्हातारा राजा रात्रीत एकदम अडखळायला लागला असं चिमाबाई म्हणाल्या. त्याच्या बाहुल्या उजेडातही मोठ्याच राहतात. त्याचं ब्लड प्रेशर मोजायला हवं, म्हाताऱ्या मांजराची नजर त्याने जाऊ शकते. अम्मा थक्क झाल्या. मांजरालाही बीपी!

मी त्यांना आणि चिमाबाईंना खुणा सांगितल्या. एक डोळा मिचकावणं, पंजाने चोळणं, उजेड टाळून पलंगाखाली बसणं, पाण्याऐवजी पिवळं-हिरवं येणं, आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर येणं, बुबुळावर धुकं दिसणं. यातलं काहीही दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही. आणि माणसांचे उरलेले ड्रॉप्स तर मुळीच घालायचे नाहीत. बुबुळावर जखम असली तर त्यातल्या काही औषधांनी डोळा फुटतो. अम्मांनी कपाटातली अर्धी औषधं माझ्यासमोर कचऱ्यात टाकली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

टिकली हे सर्वांत लहान पिलू. सकाळी दोन्ही डोळे पुवाने बंद, शिंका, पापण्या सुजलेल्या. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून आतून बाहेर पुसलं, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. डोळे उघडले, पण डॉक्टरांना दाखवणं भाग होतं. अंबादासची गाडी मालाच्या पार्टीला आणायला निघाली होती. अम्मांनी ती अंगणातच थांबवली. पार्टी रिक्षाने येईल म्हणाल्या. भर दुपारी एसी लावून मी, टिकली आणि अम्मा शहरात मुबीन डॉक्टरांकडे. साथीचा सर्दीचा विषाणू निघाला. ड्रॉप्स दिले, बरी होईल म्हणाले.

परत आलो तेव्हा मायाप्पाने फाटक उघडलं आणि बराच वेळ तसाच धरून उभा राहिला. नंतर येऊन चौकशी केली. डॉक्टर काय म्हणाले, किती वेळात न्यावं लागतं, उशीर झाला तर काय होतं. मी सगळं नीट समजावलं. इतकं मन लावून ऐकणारा माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. मांजराला न ओरबाडता कसं धरायचं तेही त्याला शिकायचं होतं. मग टॉवेल अंथरून दाखवलं. मांजर मधे ठेवायचं, एक पदर गळ्याखालून घट्ट, दुसरा त्यावरून, फक्त डोकं बाहेर. मग ते गुडघ्यांत धरलं की हलत नाही. त्याने गोंड्यावर करून बघितलं. पहिल्याच वेळी जमलं त्याला.

२१ फेब्रुवारी, बुधवार

टिकलीचे डोळे लख्ख! आज तिने माझ्या पेनशी खेळून हे पान चुरगळलं. राजाला बीपीची गोळी सुरू झाली. अम्मांनी मला कारखान्यातली जाड चादर दिली, निळ्या मोरांची. अम्मीला फोनवर सांगितलं तर तिने लगेच विचारलं की दोन नाही का दिल्या.

मागांचा आवाज खरंच ऐकू येईनासा झालाय. काल दुपारी वीज गेली आणि सगळं थांबलं, तेव्हा मी दचकले.

४ मार्च, सोमवार

दुपारी बोबिन ओरडत धावत आला. डाव्या डोळ्यात पांढरा लगदा. चुना! मी सलाइनची बाटली फोडून पंधरा-वीस मिनिटं धार धरली, चिमाबाईंनी पाय धरले, दोघींचे हात रक्ताळले. बुबुळ दुधासारखं झालं होतं. गाडी काढली, मुबीन डॉक्टरांनीही खूप केलं. डोळा गेलेलाच आहे.

शेडच्या मागच्या भिंतीला परवापासून चुना मारताहेत. बादली उघडी होती. अंबादासने रंगाऱ्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. तो माणूस गाल धरून सांगत होता की बादलीवर त्याने फळी ठेवली होती. मला त्याचं वाईट वाटलं. पण बोबिन आतल्या खोलीत कण्हत होता, म्हणून मी तिकडे गेले.

१२ मार्च, मंगळवार

पहिला रोजा. ऊन आतापासूनच भाजतंय. सहरीला अम्मांनी स्वतः उठून दूध गरम करून दिलं.

दुपारी तीनला काजू पलंगाखाली सापडला. डावा डोळा बंद, खाली पाण्यासारखी धार, त्यात रक्त. जखम दाखवणाऱ्या रंगाची पट्टी ओली करून लावली तर बुबुळावर हिरवा ठिपका उमटला. एकच, बारीक, मधोमध. मांजरांची भांडणं होतात, नख लागलं असेल. एक्स-रेच्या जुन्या फिल्मची कॉलर कापून गळ्यात घातली आणि त्याला घेऊन पळाले.

१६ मार्च, शनिवार

मुबीन डॉक्टरांनी आज मला बाजूला घेऊन सांगितलं. नख लागलं तर ओरखडा होतो, ते डोळ्यावरून घसरतं. हे घसरलेलं नाही. काहीतरी टोकदार सरळ आत गेलं आहे, मांजर हलत नसताना. त्यांनी विचारलं, घरात कुणी आहे का असं?

मी अम्मांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण विश्वासही बसला नाही त्यांचा. अंबादास मात्र हसला. म्हणाला, या मुलीला रोजाची भूक चढली आहे.

दोन्ही वेळा डावाच डोळा. ही गोष्ट मी त्यांच्यापुढे बोलले नाही. इथे लिहिते आहे.

२० मार्च, बुधवार

आता मांजरं खोलीत बंद ठेवते. चावी माझ्याकडे आणि चिमाबाईंकडे. ती दारावर नखं घासतात, बाहेर सोड म्हणून रडतात.

मायाप्पा दुपारी औषध मागायला आला. दोन्ही मनगटांवर ओरखडे, लाल, सुजलेले. बाभळीच्या फांद्या तोडताना लागलं म्हणाला. मी बेटाडीनने पुसून पट्टी बांधली. त्याचे हात थरथरत नव्हते. मला म्हणाला, “तुमचा हात लई हलका हाय. मला येळेवर असा हात मिळाला न्हाई.” कशाबद्दल ते विचारायचं राहिलं, टिकली ओरडायला लागली म्हणून.

२४ मार्च, रविवार

गोंडा. डावा.

चिमाबाई दुपारी गॅलरीत वाळवण काढायला गेल्या तेवढ्यात. दार लोटलेलं होतं. मांजरं आपणहून बाहेर गेली असणार. कुणीतरी हाक मारली असणार. या मांजरांना मी हाक मारते तेव्हा दोन येतात, अम्मांनी मारली की पाच.

बाभळीचा ओरखडा वेडावाकडा असतो. तो मनगटावरचा चार-चार समांतर रेघांचा होता. तशाच रेघा माझ्या हातांवर आहेत.



२६ मार्च, मंगळवार

लिहायलाच हवं.

दुपारी अम्मा झोपल्या होत्या. मी मुद्दाम माझीही चावी चिमाबाईंकडे दिली आणि नमाजला जाते म्हणून खोलीत गेले. खिडकीतून बघत राहिले. पाच मिनिटांत तो फाटकावरून उठला. चिमाबाईंना त्याने पुढच्या दारी कुणीतरी आलंय असं सांगून पाठवलं, त्या खोलीचं दार नुसतं लोटून गेल्या. मग “बा, बा.” कांडी दाराच्या फटीतून त्याच्या पायाशी.

शेडच्या मागे सुताच्या टाकाऊ गठ्ठ्यांची खोली आहे. मी धावत गेले. मागांच्या आवाजात माझी चप्पलसुद्धा ऐकू येत नव्हती. तो गठ्ठ्यावर बसला होता. गुडघ्यांत टॉवेल. एक पदर गळ्याखालून, दुसरा त्यावरून, फक्त डोकं बाहेर. मी शिकवलं होतं तसं. हातात विणकरांची आकडी, फणीतून धागा ओढायची, बारीक, चकचकीत.

मी ओरडले. तेवढ्यात झालंही होतं.

कांडीचा आवाज मी कधी विसरणार नाही. मी त्याच्या हातातून टॉवेल हिसकावला. त्याने हिसकावू दिला. मग त्याने काळा चष्मा काढला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती शिवलेली, आत गेलेली कातडी. दीड महिना मी अकरा मांजरांच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि या माणसाला एकदाही विचारलं नाही की चष्मा का घालतोस.

तो ओरडला नाही. सावकाश बोलला.

“चौदा नंबरचा माग माझा होता. एकोणीस वर्सं. धोट्याच्या म्होरची जाळी अंबादाससायबानं काढाय लावली, कामाला आडवी येती म्हनून. आडवा धागा नेनारा धोटा उडाला की वो. लाकडाचा, टोकाला लोखंड. हितं बसला. सकाळी धा वाजता. म्हनले, परदेशचा माल हाय, माग थांबवू नका, पाळी सुटल्यावर जाऊ. टावेल दिला डोळ्यावर धराय. अम्मा आल्या, बगितलं, चहा पाठवला. संध्याकाळी सा वाजता रिक्षा आली. डाक्टर म्हनला, सकाळी आला असता तर...”

मग म्हणाला, “मांजराला गाडी थांबविली त्या दिवशी. मी फाटक धरून हुबा. त्या दिवसापासून झोप न्हाई मला.”

शेवटी एवढंच, “जा, सांगा अम्मांना.”

२७ मार्च, बुधवार

सांगितलं.

आधी पोलिसांना फोन करायला हवा होता. मी तसं म्हटलंही. अम्मांनी कांडीला मांडीवर घेतलं होतं, त्यांच्या पातळावर रक्त. त्या तेलुगूत बोलल्या, मुलाशी, दोन वाक्यं.

अंबादासने मायाप्पाला शेडमध्ये नेलं. मागांच्या दोन रांगांमधे. मागाचा चामड्याचा पट्टा सोडवून घेतला होता, त्याला पितळी कडी असते. एकही माग बंद केला नाही. चाळीस माग खटखट खटखट, आणि मधे तो माणूस वर-खाली होत होता, तोंड उघडं, आवाज काही नाही. विणकर मान खाली घालून कापडाकडे बघत होते. एक म्हातारा विणकर रडत रडत धागा जोडत होता.

मी दारात उभी होते. अम्मा माझ्याजवळ होत्या. मी तोंड उघडलं नाही. मांजरांसाठी किंचाळले होते.

कडी त्याच्या तोंडावर बसली. उजव्या बाजूला. तो गुडघ्यांवर आला, दोन्ही हात डोळ्यावर. अंबादासने आणखी मारलं. अम्मा म्हणाल्या, पुरे, मरायला नको. मग त्याला फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला टाकलं.

मी पाणी घेऊन गेले तेव्हा तो तिथे नव्हता. डांबरावर रक्त, त्यावर माशा.

२८ मार्च, गुरुवार

अब्बांना फोन केला. ये म्हणाले, आजच ये. पण कांडीला दर चार तासांनी औषध आहे. काजूची जखम चिघळली आहे. मी गेले तर ही चारही आंधळी होतील.

हे कारण खरं आहे का ते मला ठाऊक नाही. मायाप्पाला शोधलं. एमआयडीसीच्या तीन रस्त्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर विचारलं. कुणालाच माहीत नाही. कुणीच माझ्याकडे बघून उत्तर देत नाही.

पोलिसांना कळवूया असं अम्मांना पुन्हा म्हटलं. त्या म्हणाल्या, काय कळवणार? आणि टिकलीला भाकर कुस्करून घालायला गेल्या.

३ एप्रिल, बुधवार

अंबादास. दुपारी दोनला, जेवायला घरी येताना. शेडच्या मागच्या बोळात.

मी किंकाळी ऐकली. कारण वीज गेली होती, माग बंद होते. पळत गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात तोंडावर, बोटांमधून — डावा. आकडी अजून तिथेच होती. दांड्यापर्यंत.

ओढायची नाही. असं काही रुतलं असलं तर ओढायचं नाही, धरून ठेवायचं, हलू द्यायचं नाही. मी कागदाचा कप उलटा करून वर बांधला. तो आईला हाका मारत होता, लहान मुलासारखा.

अम्मांनी गाडी काढायला सांगितली. सात मिनिटांत गाडी निघाली.

रंगवलेल्या भिंतीवर एका हाताचे रक्ताचे ठसे, चाचपडत गेलेले. अंबादासचे नव्हेत. कुणीतरी भिंत धरून चालत गेलंय.

त्याला दिसत नाहीये नीट.

६ एप्रिल, शनिवार

अंबादास हैदराबादला. सुनबाई बरोबर गेल्या. डोळा गेला.

पोलीस आले, जबाब झाले. मी मारहाणीचं सांगितलं. अम्मा माझ्याकडे बघत राहिल्या. फाटकावर एक हवालदार बसवलाय.

अम्मा मांजरांना सोडून हैदराबादला जात नाहीत. जेवतही नाहीत. आज मला म्हणाल्या, तेव्हा मी खरंच चहा पाठवला होता का? मला आठवत नाही गं.

राजाने खाणं सोडलं.

८ एप्रिल, सोमवार

चिमाबाई पाडव्याला गावी गेल्या. परत येणार नाहीत, त्यांच्या पिशवीवरून कळलं.

काजू गेला.

उद्या सगळे कारखाने बंद. पाडवा, उगादी. परवा सकाळी अब्बा न्यायला येतायत. अम्मांना सांगितलं. त्या हो म्हणाल्या. टिकली आणि बोबिनला घेऊन जा म्हणाल्या.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

दुपारचे पावणेदोन असतील —

पेन थांबवायचं नाही. थांबलं की त्याची मान वळते. तो आवाजावर आहे.

हवालदार जेवायला गेला. मी खोलीत औषधं भरत होते. सगळी एमआयडीसी गप्प. मग अंगणातून “बा, बा.” आंधळी-डोळस सगळी मांजरं दाराकडे धावली. बोबिन, गोंडा, कांडीसुद्धा. त्यांना नाही भीती वाटली. दार नुसतं लोटलेलं होतं. मांजरं बाहेर जातील म्हणून अम्मा धरायला गेल्या —

त्याने त्यांना ढकललं. डोकं उंबऱ्यावर. त्या तिथे स्वयंपाकघरात पडल्या आहेत. श्वास चालू आहे, मला इथून पदर हलताना दिसतो. फरशीवरून रक्त इथपर्यंत.

दुसरी आकडी त्याच्या हातात आहे. माझ्या गळ्यापाशी होती, आता त्याच्या मांडीवर. तो माझ्यासमोर बसलाय. म्हणाला, “मला मारायचं न्हाई तुमाला. डोळा बगा माझा. मांजराचा बगता तसा.”

मी टॉर्च मारला. हात हलत होता, त्याने माझं मनगट धरून स्थिर केलं. उजवा डोळा. बुबुळामागे रक्त साचलंय, अर्ध्याच्या वर. बाहुली वाकडी. पापणी फुटून वाळलेली. पंधरा दिवस झाले. उजेड आला की कळतो म्हणाला. माणूस कळतो, चेहरा कळत नाही.

मी खरं सांगितलं. आज गेलात तर थोडं राहील. उद्यावर टाकू नका.

तो रडला. त्याच एका डोळ्यातून, गुलाबी पाणी.

मग म्हणाला, “चिठ्ठी लिवून द्या. डाक्टरला दावायला. माझं कोन ऐकनार न्हाई, तुमची चिठ्ठी ऐकतील.” दुसरा कागद नव्हता. ही वही समोर होती. तो म्हणतो वाच, मोठ्याने वाच, काय लिहिलं ते. मी तोंडाने चिठ्ठी म्हणते आहे आणि हाताने हे —

मायाप्पा, वय अंदाजे बावन्न. उजव्या डोळ्याला मार लागून आत रक्तस्राव. डावा डोळा चार वर्षांपूर्वी — तो म्हणतो, चार न्हाई, पाच. पाच वर्षांपूर्वी काढलेला. रुग्णाला ताबडतोब —

अम्मा उठल्या.

उठल्या आहेत. भिंत धरून. कपाळावरून रक्त डोळ्यांत येतंय, पुसत नाहीत. ओट्यावरचा लोखंडी बत्ता घेतलाय दोन्ही हातांत. त्या त्याच्या डाव्या बाजूने येतायत. अनवाणी. त्या बाजूचं त्याला काही दिसत नाही. आवाजही नाही, मी मोठ्याने वाचते आहे ना, माझ्याच आवाजात —

त्या माझ्याकडे बघून मान हलवतायत. गप्प राहा. वाचत राहा.

सांगितलं तर तो आकडी — अम्मा म्हाताऱ्या आहेत. नाही सांगितलं तर — त्या दिवशी शेडच्या दारात मी अशीच — तो पुढे वाकलाय, मान खाली, ऐकतोय. लहान मुलासारखा ऐकतोय. टाळूवरचे केस पिकलेत. म्हणतोय, ताबडतोब, पुढं काय —

तीन पावलं. बत्ता वर —

मी पेन ठेवते. मी त्याला सांगते —